पहारेकरी काढणे आहे

वर्तमानपत्रात 'पाहिजेत' या सदराखाली जाहिराती येतात. स्वयंपाकीण पाहिजे, ड्रायव्हर पाहिजे, रात्रपाळीचा पहारेकरी पाहिजे. 'काढणे आहे' असे सदर मात्र मी कुठल्याच वर्तमानपत्रात पाहिलेले नाही. नको असलेला माणूस आपल्या पायांनी निघून जातो, अशी आपल्या समाजाची समजूत दिसते. माणसांच्या बाबतीत ती बव्हंशी खरी आहे. (जावईबापूंचा विषय तूर्त बाजूला ठेवू.) संगणकातल्या अँटिव्हायरसच्या बाबतीत ती साफ खोटी आहे, आणि त्याविरुद्ध इतवारीतल्या एका बँक-कारकुनाची ही फिर्याद आहे.

हा इसम घरात शिरतो कसा, ते आधी पाहा. त्याला बोलवावे लागत नाही. नव्या संगणकाच्या खोक्यातून थर्मोकोल यावे तसा तो येतो. पहिला महिना फुकट. तीस दिवस कोपऱ्यात गुपचूप बसतो आणि एकतिसाव्या दिवशी लाल होतो. 'तुमचा संगणक धोक्यात आहे!' घरात लहान मुले, दारात चोर, आणि पहारेकरी म्हणतो, "आधी पगाराचं बोला." मंडळी बोलतात. आम्हीही तीन वर्षे बोललो.

पुढे संगणक इतका मंदावला की तो सुरू करून सौभाग्यवतींनी चहा ठेवला, तर चहा दोनदा उकळून व्हायचा. शिवाय त्या पहारेकऱ्याची आता गरजही नव्हती. २०१२ साली विंडोज आठ आले, तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट आपला पहारेकरी विंडोजबरोबरच देते. 'डिफेंडर' त्याचे नाव. दुसरा कोणी पहाऱ्यावर असला की हा आपण होऊन बाजूला बसतो, आणि दुसरा गेला की आपण होऊन कामावर रुजू होतो. इतका समंजस कर्मचारी मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. तेव्हा जुन्याला निरोपाचा विडा द्यायचे ठरले.

मी 'अनइन्स्टॉल' दाबले. त्याने विचारले, "खरंच?" मी म्हटले, खरंच. "का बरं?" खाली सहा कारणे, त्यांत 'कंटाळा आला' हे नव्हते. मग म्हणाला, "अर्ध्या किमतीत राहतो." नको म्हणायचे तर 'मला धोका पत्करायचा आहे' असे लिहिलेले बटण दाबावे लागे. म्हणजे नोकर आपण काढायचा, आणि 'मी मूर्ख आहे' या कागदावर सहीही आपणच करायची! शेवटी 'संगणक पुन्हा सुरू करा' झाले. केला. कोपऱ्यात तोच लाल ठिपका हजर. फोल्डर पुसायला गेलो तर 'आपणांस परवानगी नाही'. पैसे माझे, टेबल माझे, वीजबिल माझे, आणि परवानगी त्याची!

शेवटी ओळखीचा दुरुस्तीवाला पोरगा आला. त्याने एका नजरेत निदान केले. "काका, हे जळूसारखं आहे. ओढाल तर तुटते, निघत नाही. मीठ टाकावं लागते."

"म्हणजे काय करायचं?"

"याले काढाचा वेगळा प्रोग्रॅम असते. त्याच कंपनीचा. तो आणू, मशीन सेफ मोडमंधी लावू, मंग निघते."

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. काढण्यासाठी निराळा प्रोग्रॅम, आणि तोही त्याच कंपनीचा! या धंद्यातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या असे 'रिमूव्हल टूल' बाळगून आहेत. साध्या मार्गाने आपला माल पुरता निघत नाही, याची याहून लेखी कबुली ती कोणती? उद्या इतवारीतल्या किराणा ओळीत एखाद्या शेटजींनी डिंकाबरोबर डिंक काढायचा दुसरा डिंक विकायला ठेवला, तर बाजार त्यांना सुखाने दुकान उघडू देईल काय?

आता न्यायाने बोलायचे तर दुसऱ्या पक्षाचेही एक म्हणणे आहे आणि ते पोकळ नाही. चोर शिरला की तो पहिल्यांदा पहारेकऱ्यालाच बांधून घालतो. म्हणून अँटिव्हायरस संगणकाच्या अगदी गाभ्यात ठाण मांडतो. आपल्या फाइली, नोंदी आणि सेवा यांना कोणाला हात लावू देत नाही. 'नीघ' असे मालकही म्हणतो आणि चोरही म्हणतो, त्या बिचाऱ्याने ओळखावे कसे? मान्य. पण मग मालकाने पासवर्ड दिला, होय म्हटले, पुन्हा होय म्हटले, कारणसुद्धा सांगितले, त्यानंतर तरी ओळख पटायला हवी की नको? कारण विचारून घेणारा चोर असतो, तसा कारण सांगत बसणारा चोर मी ऐकलेला नाही.

आणि निघता येत नाही, हे तर मुळीच खरे नाही. अमेरिकन सरकारने २०२४ साली रशियाच्या 'कॅस्परस्की'वर बंदी घातली. त्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या अनेक गिऱ्हाइकांच्या संगणकांतून तो आपण होऊन निघून गेला, आणि जाताना 'अल्ट्राएव्ही' नावाचा बदली पहारेकरी बसवून गेला! गिऱ्हाईक सकाळी उठून पाहते तो दारात अनोळखी माणूस सलाम ठोकतोय. म्हणजे कंपनीला जायचे असले की चुटकीसरशी जाता येते. आपण घालवायला गेलो की मात्र पाय अडकतात. त्या जॉन मॅकॅफी नावाच्या गृहस्थांचेच पाहा ना. ज्या अँटिव्हायरसला त्यांचे नाव आहे, ती कंपनी त्यांनी १९९४ साली सोडली. पण तो काढायचा कसा, असे लोक त्यांनाच विचारीत राहिले. २०१३ मध्ये त्यांनी त्यावर एक विनोदी चित्रफीत काढली आणि तिच्या शेवटी संगणकावर चक्क पिस्तूल झाडले. आमच्या घरी पिस्तूल नाही.

कोणी म्हणेल, हा या धंद्याचाच द्वेष. मुळीच नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी धाकट्या भावाला, संजयला, संगणकशास्त्र शिकायला लावले, आणि त्यातून १९९०च्या दशकात 'क्विक हील' उभे राहिले. मराठी माणसाने या धंद्यात नाव काढले याचा मला अभिमान आहे. माझी फिर्याद त्यांच्यावर नाही, एकूण रिवाजावर आहे. विषाणूच्या धंद्यातसुद्धा एके काळी रीतभात होती. पीसीवरचा पहिला विषाणू मानला जाणारा 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्यात त्यांनी आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता! चोराने जाताना व्हिजिटिंग कार्ड ठेवावे, तसे. आजच्या पहारेकऱ्याचा फोन लावून पाहा. यंत्र म्हणते, एक दाबा, दोन दाबा. तीन दाबल्यावर गाणे लागते.

मी ज्या काउंटरवर बसतो, तिथल्या कारकुनाला अलीकडे 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव वाढले, खुर्ची तीच. बँकेवर विनोद करणे हा मध्यमवर्गाचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि मी स्वतःही तो बजावतो. पण आमच्याकडे खाते बंद करायचे तर अर्ज द्या, उरलेले चेक परत करा, कार्ड द्या, शिल्लक घ्या. खाते बंद म्हणजे बंद. ते रात्री येऊन ग्राहकाच्या उशाशी 'तुम्ही धोक्यात आहात' असे म्हणत नाही.

याच काउंटरवर एक निवृत्त मास्तर पासबुक घेऊन आले. बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हे पैसे कशाचे कटून राहिले?" पाहिले तर अँटिव्हायरसचे वार्षिक नूतनीकरण. मास्तरांनी संगणक दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिला होता. पहारेकरी भंगारात गेला, पगार चालूच! कारण प्रोग्रॅम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही. ती निराळी थांबवावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना किमान चोवीस तास आधी यावी लागते. ती आलीही होती. इंग्रजीत, एसएमएसने, नातवाचे खेळ भरलेल्या फोनवर. मास्तरांचे पेन्शन मोठे नाही. दोन वेळा कापलेल्या त्या रकमेत त्यांच्या चष्म्याची काच आली असती. इथे माझा विनोद आटतो.

कायदा अगदीच झोपलेला नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवण्याच्या तेरा युक्त्या नावानिशी सांगून त्यांवर बंदी घातली. सोडून जाणे मुश्कील करणारा वर्गणीचा सापळा त्यांत आहे, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणे आहे, सतत टोचत राहणेही आहे. म्हणजे आमच्या पहारेकऱ्याचे चरित्रच जणू राजपत्रात आले! तरीही माझ्या तीन मागण्या शिल्लक आहेत. एक, जितक्या बटणांनी आत आलास तितक्याच बटणांनी बाहेर जा. दोन, जाताना आपले सगळे चंबूगबाळे घेऊन जा. खुंटीवर टोपी ठेवू नकोस. तीन, ज्या क्षणी गेलास त्या क्षणी पगार बंद, आणि तशी पावती मराठीत दे.

या मागण्या कोणाला अवास्तव वाटत असतील, तर त्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत यावे. १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी मारबत आमच्या या रस्त्यांवरून निघते. रोगराई, इडापीडा, सगळे तिच्या डोक्यावर घालून गाव तिला वेशीबाहेर नेते आणि जाळते. सगळा कार्यक्रम एका दिवसात. मारबतीचा एक पाय घरात राहिला, असे कधी झालेले नाही, आणि पुढच्या वर्षाचे पैसेही ती आगाऊ कापून घेत नाही.

मारबतीबरोबर बडगेही निघतात. त्या त्या वर्षी लोकांना ज्याने छळले, त्याचा पुतळा. पुढल्या खेपेला एका बडग्याची वर्गणी द्यायला मी तयार आहे. रंग लाल ठेवा, हातात दंडुका द्या आणि गळ्यात पाटी अडकवा: 'खरंच काढायचं?' उत्तर सगळी इतवारी एका आवाजात देईल.