नगरसभेंत विरोधक कोण?

इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत फ्रूम नांवाचें एक लहानसें नगर आहे. तेथील नगरसभेच्या १७ जागांपैकीं १० जागा इ. स. २०११ मध्यें अपक्ष नागरिकांच्या एका मंडळानें जिंकिल्या. २०१५ मध्यें तर सर्व १७ जागा त्यासच मिळाल्या. गांवचीं उद्यानें राखण्यास राजकीय पक्षाचा शिक्का लागत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सभागृहांत विरोधकच उरला नाहीं, तर चुका कोणीं दाखवाव्या? आमच्या मतें तें काम मतदारांचें होय. मत देऊन घरीं बसणें हें अर्धेंच कर्तव्य. सभेस जाऊन हिशेब विचारणें हें उरलेलें अर्धें. विद्यार्थिमित्रांनो, वर्गाचा प्रतिनिधि निवडतांना आणि निवडल्यावरहि हें ध्यानांत असूं द्या.