परक्यांनीं शिकविलें, आपण केव्हां शिकविणार?

इ. स. १८२७ सालीं सिंथिया फरार नांवाची एक अविवाहित अमेरिकन बाई समुद्र ओलांडून मुंबईस आली. अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा तिनें येथें सांभाळिल्या. १८३९ सालीं ती अहमदनगरास गेली व १८६२ सालीं तेथेंच वारली. तिची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली.

मिशनचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें उघड आहे. मुलें बाटतील ही आईबापांची धास्तीही खोटी नव्हती. पण बंधूंनो, नुसतें कुंपण राखल्यानें पीक येत नाहीं, पेरावें लागतें. जोतीरावांस जें चांगलें दिसलें, तें त्यांनीं उचललें आणि आपल्या लोकांत पेरलें. १८५५ सालीं दिवसभर राबणारांसाठीं रात्रीची शाळाही काढिली.

आज लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले. पण घाटाकोंकणांतून आलेल्या कष्टकऱ्यांचीं पोरें चाळींत आहेतच. ज्यांच्या घरीं अभ्यास घेणारें कोणी नाहीं व शिकवणीची फी परवडत नाहीं, त्यांनीं काय सातासमुद्रांपलीकडून बाई येण्याची वाट पाहावी?

चाळींतल्या प्रत्येक शिकलेल्या तरुणानें व तरुणीनें आठवड्यांतून दोन संध्याकाळ मंडळाच्या खोलींत दहा पोरें घेऊन बसावें. एक सतरंजी व एक फळा पुरे. आईबापांनो, मंडपाची वर्गणी देतांना मंडळाकडे हेंही मागा. एवढेंही ज्याच्यानें होत नाहीं, त्यानें मिशनऱ्यांस नांवें ठेवूं नयेत.