फुकटचा वकील कोणाच्या पदराला पडतो?

पोटगीचा दावा लावणाऱ्या बाईला सरकार फुकट वकील देते. मग तिचे रडगाणे कशासाठी, असा सवाल अलीकडे पुष्कळ शहाणी मंडळी करू लागली आहेत. कायद्याच्या पुस्तकापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिच्या उत्पन्नाची अट न घालता, मोफत वकिलाचा हक्क दिला. महाराष्ट्र सरकारने १९९४ मध्ये पोटगी व घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ केली.

परंतु तालुक्याच्या कोर्टातील वस्तुस्थिती काय आहे? नवऱ्याने टाकलेली शेतमजूर बाई तेथे जाते ती कोणाच्या तरी शब्दावर. वकिलाला जाहिरात करण्यास बार कौन्सिलची मनाई. तेव्हा वकील शोधायचा तो गावपुढाऱ्याच्या ओळखीने, आणि हा पुढारी बहुधा सासरच्याच पंगतीतला असतो. अशा दाव्यांत मुरलेले वकील तालुक्याला मोजके. त्यातला एक नवऱ्याने आधीच गाठलेला, दुसरा त्याच्या चुलत्याचा जमिनीचा दावा चालवणारा. उरतो तो वकीलपत्रावर अंगठा घेताना एक रक्कम सांगतो, अर्ज टाइप करण्याचे पैसे वेगळे आणि पुढे दर तारखेचे निराळे. पावती मागण्याची तिची छाती होत नाही. तारीख पडली की वकिलाचे पैसे, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी हे तिन्ही तिच्याच माथी. नवरा गैरहजर राहिला तरी तिचा खर्च चुकत नाही, आणि म्हणूनच तो गैरहजर राहतो.

मोठ्या शहरांतील कौटुंबिक न्यायालयांची कथा वेगळी, पण फारशी सुखाची नाही. गरिबाला वकिलाविना दाद मागता यावी म्हणून १९८४ च्या कायद्याने तेथे वकील लावणे हा हक्क ठेवला नाही. ऐपतदार पक्ष परवानगी काढून वकील उभा करतो, आणि समोर बाई एकटी.

थकलेल्या फीपोटी कागदपत्रे अडकवून ठेवण्याचा वकिलाला अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणे बेकायदा, हेही २०१७ मध्ये बजावले. हे त्या बाईला सांगणार कोण? ज्याला पैसे द्यायचे तोच?

मुळात हा खर्च तिने का सोसावा? २००१ च्या दुरुस्तीने अंतरिम पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही नवऱ्याकडून देवविण्याची आणि तो अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढण्याची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमातही ती कायम आहे. हे साठ दिवस कोणत्या पंचांगाने मोजले जातात, ते न्यायदेवतेलाच ठाऊक!

यावर वकिलांना शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण सरकारी पॅनेलवरच्या तरुण वकिलाला मिळणारे मानधन खाजगी फीच्या मानाने तुटपुंजे असते, आणि बिलामागे हिंडावे लागते ते वेगळेच. अशा वेळी तो खाजगी पक्षकाराच्या तारखेला धावला तर नवल ते काय? बड्या खटल्यांत विशेष वकिलांना लाखांनी फी मोजणाऱ्या सरकारला टाकलेल्या बाईचा वकील मात्र धर्मार्थ हवा आहे. ज्याची मजुरी बुडवली जाते त्याच्याकडून इमानाची अपेक्षा धरण्याचा हा न्याय गिरणीमालकांनाच शोभणारा आहे.

आपल्या चळवळीनेही थोडे आत्मपरीक्षण करावे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली, तेव्हा या स्त्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. आज किती तालुक्यांतील पक्ष कार्यालयांत विधी सेवा समितीचा अर्ज लिहून देणारा कार्यकर्ता बसतो? १५१०० हा मदतीचा क्रमांक किती भिंतींवर रंगवला आहे? पॅनेलचा वकील तारखेला आला नाही, तर तो बदलून मागण्यास बाईबरोबर समितीच्या कचेरीत कोण जातो? ही कामे निवडणुकीची वाट पाहत नाहीत. सरकारकडे मागणी करावयाची ती अशी: पॅनेलवरील वकिलाचे मानधन दर तारखेमागे, महिन्याच्या आत, थेट बँकेत जमा व्हावे; आणि दाव्याच्या खर्चाचा अर्ज साठ दिवसांत निकाली न निघालेल्या प्रकरणांची यादी प्रत्येक कोर्टाच्या दारावर लागावी.