कासवीची नजर आणि माझा मोबाईल

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत टाळत होतो. प्रवासाबद्दल लिहिताना आपण चांगलं तेवढं सांगतो आणि आपला गाढवपणा गाळतो. इथे तो गाळला तर सांगण्यासारखं फारसं उरतच नाही! परवा आईनेच फोनवर विचारलं, "कासवांचं लिहिलंस का रे?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "लिही. माझंही लिही. आता या वयात कोणाला काय वाटायचंय!" तेव्हा नातेवाईक मंडळी, आईच्या भागाबद्दल काही तक्रार असेल तर थेट तिच्याकडे करा. :-)

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आई आमच्याकडे मस्कतला आली होती. ऑगस्टात मस्कतमध्ये दिवसा बाहेर पडणं म्हणजे भट्टीत शिरणं. म्हणून दोन दिवस रास अल हद्दला गेलो. ओमानच्या नकाशात उजवीकडे जे टोक अरबी समुद्रात घुसलंय ना, तिथलं हे छोटंसं गाव. मस्कतहून सूरमार्गे साधारण अडीचशे किलोमीटर. एका बाजूला बोडके तपकिरी डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. गावात एक जुना किल्ला, मशीद, कोळ्यांच्या होड्या आणि रस्त्यावर मोकाट शेळ्या. उन्हाळ्यात इथे समुद्रावरून वारा सुटतो, त्यामुळे मस्कतच्या मानाने बरंच सुसह्य असतं.

आईचं माहेर गुहागरकडचं, अगदी समुद्राला लागून. गाडीतून उतरल्यावर ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "समुद्र आपलाच, पण माड नाही, सुरू नाही... अगदी उघडा वाटतो रे." समुद्र आपलाच हे मात्र खरं. याच अरबी समुद्राच्या दुसऱ्या काठावर तिचं घर.

या गावाला लोक येतात ते हिरवी समुद्री कासवं बघायला. जवळच्या रास अल जिन्झच्या किनाऱ्यावर माद्या वर्षभर अंडी घालायला येतात, उन्हाळ्यात जास्त. १९९६ साली हा भाग कासवांसाठी राखीव झाला. आता रात्री आणि पहाटे वाटाड्याबरोबर, गटागटानेच किनाऱ्यावर जाता येतं. या माद्यांची गोष्ट अशी, की ज्या किनाऱ्यावर जन्म झाला, कित्येक वर्षांनी वयात आल्यावर त्याच भागात त्या परत येतात. समुद्रात ना खुणा, ना पाट्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांना अंदाज येतो असं शास्त्रज्ञ सांगतात. आम्हाला दादर स्टेशनात पूर्व-पश्चिम कळत नाही!

तर रात्री नऊच्या सुमाराला आम्ही निघालो. निघण्याआधी वाटाड्याने बजावून सांगितलं, बोलायचं नाही, दिवा नाही, मोबाईल बंद. त्याला हिंदी चांगलं येत होतं. कारणही त्याने सांगितलं. मादी पाण्यातून वर येते, जागा शोधते, खड्डा खणते, तोवर ती अतिशय बिचकी असते. उजेड दिसला, हालचाल झाली, की सरळ मागे फिरते. एकदा अंडी घालायला सुरुवात झाली की मग ती सहसा उठत नाही. तेव्हाच मागच्या बाजूने, मंद लाल दिव्यात, थोडा वेळ बघायचं.

मी मोबाईल बंद केला का? नाही. आवाज बंद केला आणि खिशात टाकला. ऑफिसचा एक फोन येईल असं वाटत होतं. (आला नाही, हेही सांगून टाकतो.)

वाळूत बसलो होतो. इतका अंधार मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. थोड्या वेळाने वीस-पंचवीस पावलांवर पाण्यातून एक काळा दगड वर आला आणि हलायला लागला. दोन हात सरकायचा, थांबायचा, मोठा श्वास टाकायचा. तो श्वास ऐकू येत होता. एखादं दमलेलं म्हातारं माणूस जिना चढताना टाकतं तसा. आणि मी, किती वाजले ते बघायला, मोबाईल बाहेर काढला. विचार करून नाही, नुसती सवय म्हणून. स्क्रीन पेटली. त्या अंधारात ती एवढीशी स्क्रीन हॅलोजनसारखी वाटली. मी लगेच झाकली, पण ती थांबली होती. मग सावकाश वळली आणि पाण्यात गेली.

वाटाड्या मला रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "आएगी फिर. आज रात या कल." आई काहीच बोलली नाही.

पुढे तासाभराने दुसरी एक मादी अंडी घालताना दिसली. पिंगपाँगच्या चेंडूंसारखी पांढरी, ओली अंडी, एकावर एक. एका वेळी साधारण शंभर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई कुजबुजली, "रडतेय रे." ते रडणं नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी आईला ते सांगायची मला हिंमत झाली नाही.

खरी गोष्ट पहाटेची. पुन्हा किनाऱ्यावर गेलो. उजाडत होतं. वाळूवर ट्रॅक्टरचे टायर फिरावेत तशा रुंद खुणा. आई एकेक बघत चालली होती. म्हणाली, "ही येतानाची. ही जातानाची, बघ, वाळू कुठे लोटलीय ती. आमच्याकडच्या कासवांची पावलं एकाआड एक पडतात, ही दोन्ही पाय एकदम टाकतात वाटतं." वाटाड्या चकित होऊन बघायला लागला, कारण हे अगदी बरोबर होतं. मग ती एका खुणेपाशी थांबली. पाण्यातून वर आलेली, वळलेली, परत गेलेली. खड्डा नाही. "ही आली आणि तशीच गेली. इथे अंडी नाहीत."

मी विचारलं, "तुला गं कसं कळतं हे सगळं?"

"अण्णांबरोबर जायची ना. पहाटे पावलं बघत जायचं. काठी खुपसून बघायची, वाळू भुसभुशीत लागली की उकरायचं. टोपलीभर अंडी निघायची. कितीही उकडली तरी पांढरं घट्ट व्हायचं नाही त्यांचं. खाल्लीयत मी."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. ही गोष्ट १९५०-६० च्या काळातली, वन्यजीव कायदा आला १९७२ साली. त्यांनी गुन्हा केला नव्हता आणि घरात खाणारी तोंडं आठ होती. रास अल जिन्झला साडेचार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उत्खननात सापडली आहे. तिथे सिंधू संस्कृतीची खापरं मिळाली, बोरूच्या होड्यांना लावलेल्या डांबराचे तुकडे मिळाले आणि कासवांची हाडंही. म्हणजे या किनाऱ्यावरचा माणूस कासव खाऊन जगत आलाय. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "असेल. पण आम्ही सगळं घर रिकामं करायचो. एक अंडं मागे ठेवत नव्हतो." आणि थोडं थांबून, "तू निदान भुकेपोटी तरी केलं नाहीस!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आता माझं मत सांगतो. कोणी म्हणेल, माणसांनी किनाऱ्यावर जायचंच कशाला? बंद करा सगळं. मला ते पटत नाही. आपल्या वेळासचंच बघा. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. लोक गावकऱ्यांच्या घरी राहायला लागले, जेवायला लागले, आणि जिथे अंडी उकरली जायची तिथे गावच ती सांभाळायला लागलं. बघायला येणारा माणूस हवा. त्याच्या पैशाशिवाय हे टिकणं कठीण. २०२५ च्या ऑक्टोबरात आययूसीएनने हिरव्या कासवाला धोक्यातल्या यादीतून काढून सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात टाकलं, ते आपोआप झालेलं नाही. जगभर किनाऱ्यांवर माद्या आणि अंडी राखली गेली, तेव्हा कुठे १९७० च्या दशकाच्या तुलनेत संख्या अठ्ठावीस टक्क्यांनी वाढली. काही ठिकाणी अजूनही घटतेच आहे.

पण येणाऱ्या माणसाने काय घेऊन परत जायचं, याचा विचार बदलायला हवा. आपण तिकीट काढलं म्हणजे कासव दिसलंच पाहिजे, दिसलं म्हणजे फोटो हवाच, अशी आपली समजूत झालीय. नाही दिसलं तर पैसे फुकट गेले! माझ्या मते पैसे कासव दिसण्याचे नसतातच. किनारा अंधारा राहावा, म्हणून आपण ते देतो. अंडी फुटून बाहेर आलेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. रात्री समुद्र जमिनीपेक्षा उजळ असतो, म्हणून त्यांना पाणी सापडतं. मागे दिवे असले की ती उलटी, रस्त्याकडे जातात. अंधार हीच तिथली वाट आहे. त्यामुळे देवळाबाहेर चपला काढतो तसे मोबाईल बाहेर काढून ठेवायला लावावेत, सगळ्यांचे. "बंद करा" हे सांगणं माझ्यासारख्यांवर चालत नाही. मी शिकलेला, वाचणारा, नियम माहीत असलेला माणूस आहे आणि तरीही स्क्रीन माझीच पेटली.

आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते अशी कल्पना आहे. खऱ्या समुद्री कासवीला पिल्लांची भेट होत नाही. अंडी झाकते आणि जाते. दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती कुठेतरी लांब असते. तिला जे बघायला मिळत नाही, ते आपल्याला तिकीट काढून बघायला मिळतं. मग आपली नजर जरा सांभाळून टाकायला नको का?

परतताना सूरच्या अलीकडे आईने विचारलं, "ती आली असेल का रे परत?"

"आली असेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

असो. मार्च-एप्रिलात तुमच्यापैकी बरेच जण वेळासला, आंजर्ल्याला जाल. किनाऱ्यावर जाताना मोबाईल खोलीवरच ठेवा. फोटो नाही आला तर नाही आला. पहाटे वाळूतली पावलं मात्र बघा, आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला बरोबर घेऊन जा. काय सांगतील सांगता येत नाही.