रूळ ओलांडणाऱ्याचा अपराध

मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावर रूळ ओलांडताना माणूस गाडीखाली सापडला म्हणजे कागदोपत्री त्याचे वर्णन दोन शब्दांत आटोपते: अनधिकृत प्रवेश. १९८९ च्या रेल्वे कायद्यातील १४७ व्या कलमानुसार ते अचूकही आहे. मृत हाच अपराधी ठरला की प्रकरण मिटते. तो रुळांवर का उतरला, ह्याची चौकशी करण्याचे मग कोणावर बंधन उरत नाही.

डॉ. अनिल काकोडकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे अशा प्रकारे मरतात, त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी क्षेत्रात, असे सांगून समितीने ह्या प्रकाराला हत्याकांड म्हटले. सरकारी समित्यांच्या भाषेत हा शब्द सहसा आढळत नाही. पुढे पादचारी पूल वाढले, भिंती झाल्या, सरकते जिने आले. तरीही २०२३ साली उपनगरी मार्गांवर सुमारे अडीच हजार माणसे दगावली आणि त्यांतील जवळजवळ निम्मी रूळ ओलांडताना.

ह्या मृत्यूंमागे एक अर्थशास्त्रीय हिशोब आहे. वस्ती रुळांच्या एका अंगाला, शाळा, बाजार वा कारखाना दुसऱ्या अंगाला आणि पूल मात्र दूर स्थानकापाशी. लोकल पाच मिनिटे उशिरा धावली तर त्याची नोंद होते. डोक्यावर पाटी घेऊन वळसा घालणाऱ्या मजूर स्त्रीची वीस मिनिटे कोणत्याच खतावणीत येत नाहीत. तिच्या वेळेचे मोल नियोजनकाराने शून्य धरले आहे. तिने तसे धरलेले नाही, कारण उशीर झाला तर तिचा खाडा मांडला जातो.

म्हणून सावधगिरीचा उपदेश हा केवळ शासनाचा कांगावा आहे, असे मानणारे काही कार्यकर्ते आढळतात. ही भूमिका सोयीची आहे, पण घातक आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते आणि मोटरमनने ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते. शिवाय मोठी वस्तू दुरून येताना तिचा वेग डोळ्यांना प्रत्यक्षाहून कमी भासतो. नेहमीच्या वाटेने जाणारा नेमका इथेच फसतो. एक गाडी निघून गेली की तो पाऊल टाकतो, आणि तिच्याआड झाकलेली शेजारच्या मार्गावरची गाडी त्याला दिसत नाही. पहिलीच्या खडखडाटात दुसरीची शिट्टीही बुडते. कानाला मोबाइल असेल तर बोलायलाच नको.

२००९-१० च्या सुमारास वडाळ्याजवळ एक प्रयोग झाला. वेगाचा अंदाज यावा म्हणून ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगविण्यात आले. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या देण्याची व्यवस्था झाली, कारण तुटक आवाजाकडे लक्ष लवकर वेधले जाते. तेथील मृत्यू बरेच घटल्याचे तेव्हा सांगण्यात आले. खर्च म्हणावा तर रंगाचा. माणूस चुकणार हे गृहीत धरून केलेली ही सुरक्षितता आहे आणि दंडाच्या पावतीपेक्षा ती अधिक माणुसकीची आहे.

एकट्याची सावधगिरी किती पुरते, हे २२ जानेवारी २०२४ रोजी दिसले. वसईजवळ सिग्नलचे काम करणारे तीन रेल्वे कर्मचारी लोकलच्या धडकेने ठार झाले. ज्यांचा रोजचा वावर रुळांवर, त्यांनाही गाडी चुकविता आली नाही. गाडीकडे लक्ष ठेवणारा स्वतंत्र माणूस आणि धोक्याची सूचना देणारे यंत्र कामगाराला मिळालेच पाहिजे. पोटासाठी तो तेथे उभा असतो.

पादचाऱ्यांच्या बाबतीत शाखांनी हाती घेण्याजोगे काम साधे आहे. रुळांकडे जाणारी मळलेली पायवाट हेच पुलाच्या जागेचे सर्वेक्षण होय. सकाळ-संध्याकाळ तेथे उभे राहून माणसे मोजावीत. महापालिका रेल्वेकडे बोट दाखवील आणि रेल्वे महापालिकेकडे, तेव्हा तो आकडा दोन्ही कचेऱ्यांत एकाच दिवशी पोचवावा. पूल होईपर्यंत शाळा सुटण्याच्या वेळी त्या पायवाटेवर दोन स्वयंसेवक उभे करून मुलांना पुलावरून नेणे कोणत्याही शाखेला अशक्य नाही.