परसातला फौजदार

कुंडलिकेच्या एका तीरावर नवा जालना, दुसऱ्यावर जुना. जुन्या जालन्यात ज्या घरांना अजून परसदार उरले आहे, तिथे चार कोंबड्या नि एक कोंबडा हा संसार काही नवलाचा नाही. कोंबड्या बिचाऱ्या गरीब. पण पाच-सहा महिन्यांचा होऊन तुरा लाल झाला, की कोंबड्याच्या अंगात फौजदार संचारतो. धुणे वाळत घालणाऱ्या सूनबाईंच्या पोटरीवर मागून झडप! सासूबाई म्हणतात, "अगं, घाबरला असेल तो." सूनबाई म्हणतात, "आई, घाबरलेला जीव पळतो. हा पाठलाग करतो!"

सूनबाईंचे खरे आहे. तो तुम्हांला प्रतिस्पर्धी समजतो. कोणी कोणाला टोचायचे याची कोंबड्यांत उतरंड ठरलेली असते, हे श्येल्डरूप-एब्ब या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२१ च्या सुमारास मांडले. (एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनांना ते आधीच ठाऊक होते!)

म्हणून पळू नये. पळालात की तो जिंकला. लाथही मारू नये, ते झुंजीचे आमंत्रण ठरते. सूप किंवा टोपले पुढे धरून उभे राहावे, एक पाऊल त्याच्याकडे टाकावे आणि तो बाजूला झाल्यावरच कामाला लागावे. पंख दाबून काखेत धरून चार फेऱ्या माराव्यात. पुष्कळ कोंबडे याने नरमतात. मात्र तो माणसे ओळखतो. आजोबांना दबणारा नातवाला दबेलच असे नाही.

आणि इथे हसणे पुरे. कोंबडा उडी घेऊन पायामागच्या टोकदार काट्याने वार करतो. मोठ्यांची पोटरी सापडते, तीन वर्षांच्या पोराचा डोळा. दिवाळीला भाचरे येतील, तेव्हा असा कोंबडा मोकळा ठेवूच नका. जखम झालीच तर साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. काट्याचे टोक कानशीने बोथट करता येते. मुळापासून छाटू नका, आत रक्त असते.

आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. नुसत्या अंड्यांसाठी तर तोही लागत नाही. पिल्ले हवीत तरच हवा. मारकेपणा बराचसा रक्तातून उतरतो, तेव्हा त्याची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत. महिनाभराने सुधारला नाही, तर घरातून काढावा. पण झुंजीवाल्याला देऊ नये. प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. रस्सा करणार असाल, तर जून कोंबडा शिजायला वेळ लागतो. चूल लवकर पेटवा.