नोंदवहीबाहेरचा क्षय

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा आली की मसुऱ्याच्या वाटा चाकरमान्यांनी फुलून जातात. परंतु मुंबई आणि मसुरे यांचे नाते केवळ उत्सवाचे नाही. गिरण्यांच्या काळात दाटीवाटीच्या खोल्यांत जडलेला खोकला घेऊन कोकणातील कामगार गावीच परतत असे. आजही निदान मुंबईत, औषध खासगी दुकानातून आणि मुक्काम गावी, असा रुग्ण कोणत्या यादीत सापडतो?

क्षयरोगाची नोंद २०१२ मध्ये सक्तीची झाली. 'निक्षय' ही संगणकीय नोंदप्रणालीही त्याच वर्षीची. तरीही औषधविक्रीवरून केलेल्या एका अभ्यासाने २०१४ साली देशात सुमारे २२ लाख रुग्ण खासगी उपचार घेत असावेत, असा अंदाज मांडला. २०१८ मध्ये औषधविक्रेत्यांवरही नोंदीचे दायित्व आले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणे असणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारांसाठी कोठेच गेले नव्हते.

येथे दोन दोष वेगळे ओळखले पाहिजेत. निदानच न होणे हा एक. निदान होऊनही नोंद न होणे हा दुसरा. दुसऱ्याचे मोजमाप याद्या ताडून करता येते. समजा, प्रयोगशाळेच्या यादीत ४० रुग्ण, औषधविक्रीच्या यादीत ३० आणि दोन्हींत समान २४. एकूण नावे ४६ भरतात. पण ४० गुणिले ३० भागिले २४ या हिशेबाने रुग्ण ५० असावेत. म्हणजे चौघे दोन्ही याद्यांबाहेर राहिले. अर्थात याद्या परस्परांपासून स्वतंत्र हव्यात आणि एकाच आडनावाची अनेक घरे असलेल्या वाडीत नावे काटेकोरपणे जुळवायला हवीत. अन्यथा हिशेब फसतो.

हे चौघे म्हणजे केवळ संख्या नव्हे. नोंद नाही, म्हणून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झालेले पोषणसाहाय्य नाही. घरातील मुलांची तपासणीही नाही.

क्षयमुक्तीसाठी ठरवलेले २०२५ साल उलटून गेले. २०१५ मध्ये लाखामागे २३७ असलेले नव्या रुग्णांचे अनुमानित प्रमाण २०२४ मध्ये १८७ वर आले, हे यश निश्चितच आहे; पण ते मुक्ती नव्हे. एखाद्या गावाचा आकडा घटला की अभिनंदनाचे ठराव होतात. त्याआधी ग्रामसभेने एवढेच विचारावे : रोग घटला की नोंद? बदनामीच्या भयाने खोकला लपवणाऱ्या घराला आधार देणे, हे शासनाइतकेच समाजाचेही कर्तव्य आहे.